तो विणकर लेखातून कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या मागच्या रविवारच्या पुरवणीत आत्म्याच्या अमरत्वावर आलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा दुपारी, नातीला शेजारी बसवून, तिचं पुस्तक उघडून. लेख गोड आहे, भाषाही चांगली आहे. पण त्यातलं एक वाक्य घशात अडकलं ते अजून खाली उतरलेलं नाही. जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो तसा आत्मा देह बदलतो, हे गीतेत आहे. तेच ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटीसने तुरुंगात आपल्या शिष्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मान तुकवून ऐकलं, असं लेखकमहाशय म्हणतात.

मान कुणी तुकवली नव्हती, साहेब. त्या कोठडीत वस्त्राचा दाखला निघाला हे खरं, पण तो सॉक्रेटीसने दिलेला नाही. त्याच्या बोलण्यावर हरकत म्हणून समोरच्याने तो काढला. आणि तो दाखला एका म्हाताऱ्या विणकराचा होता. लेखात वस्त्र आलं, विणकर मात्र गाळला. सोलापुरात छापलेल्या पेपरात विणकर गाळला म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण विणकर कापू नका.

आधी मी कोण ते सांगतो. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल १९६३ साली बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांनी घरातच हातमागावर जॅकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उठते त्या, चादरी विणल्या. आम्ही घरी तेलुगू बोलतो, वडिलांना नायना म्हणतो. मी यंत्रमागावर गेलो. आधी चार माग चालवले, नंतर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, झालो आणि एक्केचाळीस वर्षं पान्हा हातात होता. उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही, तो कारखान्याचा बोनस. शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. तेव्हा तत्त्वज्ञानाचा अधिकार मी सांगत नाही. सुताचा सांगतो.

नात बी.ए.ला आहे, तत्त्वज्ञान घेऊन. तुझं लग्न कसं व्हायचं, असं तिची आजी तिला रोज विचारते, ते असो. परीक्षेच्या आधी ती मोठ्याने वाचते, कारण तिला तसंच लक्षात राहतं. मी समोर शेंगा फोडत बसतो. सॉक्रेटीसचा शिष्य प्लेटो, त्याचा 'फीडो' नावाचा संवाद तिला नेमलेला आहे. ती इंग्रजीत वाचायची आणि पाठ व्हावं म्हणून मराठीत मला सांगायची. निम्मं माझ्या डोक्यावरून जात होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताता, इथं एक विणकर आलाय." मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, परत वाच. त्या दिवशी तिने ते पान चार वेळा वाचलं, आणि शेंगा दुसऱ्या दिवशी फोडल्या.

प्रसंग असा. इ.स.पू. ३९९. अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटीसचा शेवटचा दिवस. वय सत्तर. शिक्षा होऊन महिना झाला होता, पण डेलॉस बेटाला गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत शहरात कुणाचा जीव घ्यायचा नाही असा तिथला नेम, म्हणून तो इतके दिवस वाचला. सकाळी मित्र आत आले तेव्हा पायातली बेडी नुकतीच काढलेली होती. सॉक्रेटीस उठून बसला, पोटरी चोळू लागला आणि म्हणाला, बघा, दुखणं आणि सुख कसं जोडीने येतं. बायको झांटिपी मूल घेऊन बसली होती. ती रडायला लागली तशी तिला घरी पाठवलं. (हे मला आवडलं नाही. नातीलाही आवडलं नाही.) ही सगळी हकिगत प्लेटोने लिहिली आहे, पण प्लेटो स्वतः तिथे नव्हता. त्याच्याच संवादात तो फीडोच्या, म्हणजे कोठडीत हजर असलेल्या शिष्याच्या, तोंडून सांगतो की प्लेटो बहुतेक आजारी होता. पंचनामा लिहिणारा जागेवर नव्हता, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

त्या दिवशी बोलणं निघालं ते आत्मा मागे उरतो का यावर. सॉक्रेटीसने एकामागून एक मुद्दे मांडले. झोपेतून जागेपण, जागेपणातून झोप, तसं जिवंतातून मेलेलं आणि मेलेल्यातून जिवंत. मग आठवणीचा मुद्दा: बरोब्बर समान अशा दोन काठ्या आपण कधीच पाहिलेल्या नसतात, तरी 'समान' म्हणजे काय ते आपल्याला कळतं, तेव्हा ते जन्माच्या आधीच कुठेतरी कळलेलं असणार. मग तिसरा: देह दिसतो, विरतो, आत्मा दिसत नाही, तेव्हा तो न विरणाऱ्या जातीचा. यानंतर कोठडीत सगळे गप्प झाले. आपल्या लेखकमहाशयांनी इथेच पुस्तक मिटलं असावं.

पण दोघं जण कोपऱ्यात कुजबुजत होते. सिमिआस आणि केबिस, दोघंही थीब्ज गावचे. सॉक्रेटीसने ते पाहिलं आणि म्हणाला, काही राहिलं असेल तर बोला. त्यांना संकोच वाटत होता. आज संध्याकाळी ज्याला विषाचा पेला प्यायचा आहे त्याला कसं सांगायचं, की तुमचं आम्हाला पटलं नाही? तरी ते बोलले. सिमिआस म्हणाला, वाद्य जुळवलं की सूर असतो. सूर दिसत नाही, हाताला लागत नाही, वाद्यापेक्षा सुंदर असतो. म्हणून काय वाद्य फुटल्यावर सूर उरतो? आपल्याकडे वारीत वीणेकरी असतात, त्यांना विचारलं तर तेही हेच विचारतील.

मग केबिस. त्याचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो.

समजा एक म्हातारा विणकर वारला. कुणी म्हणालं, तो वारलेला नाही, कुठेतरी धडधाकट आहे. पुरावा काय? तर त्याने स्वतः विणलेलं, स्वतः पांघरलेलं वस्त्र अजून शाबूत आहे. माणूस जास्त टिकतो का वस्त्र? माणूसच. वस्त्र वर्षा-दोन वर्षांत झिजतं. मग कमी टिकणारी वस्तू शाबूत असताना जास्त टिकणारी कशी संपेल? तेव्हा विणकर आहेच.

केबिस म्हणतो, ऐकणारा कुणीही याला हसेल. कारण त्या विणकराने आयुष्यात अशी पुष्कळ वस्त्रं विणली, वापरली, फाडली. त्या सगळ्यांच्या मागून तो गेला. पण शेवटच्या एका वस्त्राच्या आधी गेला! म्हणून काय विणकर वस्त्रापेक्षा कमकुवत ठरतो? नाही. तो वस्त्रापेक्षा टिकाऊच होता. तरी मेला.

आत्म्याचंही तसंच नसेल कशावरून? केबिस सगळं कबूल करतो. आत्मा देहापेक्षा बळकट, कबूल. जन्माच्या आधी होता, कबूल. एकच देह नाही, अनेक देह वापरून झिजवत असेल, तेही कबूल. इतकंच काय, एका जन्मातही देह रोज झिजतो आणि आत्मा तो रोज नव्याने विणत राहतो, असं तो स्वतःच म्हणतो. पण विणून विणून आत्माही थकत असेल, आणि यातला एखादा देह त्याचा शेवटचा असेल. तो कोणता, ते कुणाला कळणार? मग ही खेप शेवटची नाही असं छातीवर हात ठेवून सांगायचं कसं?

संपादकमहोदय, गीतेतला श्लोक मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या गल्लीत कुणी गेलं की म्हटला जातो. त्यात नेसणारा आहे, वस्त्र आहे. ते वस्त्र विणलं कुणी, हे तिथे विचारायचं कारण नाही, कारण तिथे सांगायचंच वेगळं आहे. केबिसच्या बोलण्यात मात्र नेसणारा आणि विणणारा एकच आहे. तिथेच सगळा फरक पडतो. नेसणाऱ्याला वस्त्राचं काही लागत नाही, जुनं टाकलं, नवं घेतलं. विणणाऱ्याचा जीव त्यात जातो. डोळे जातात, गुडघे जातात. श्लोक नेसणाऱ्याचा आहे आणि हरकत विणणाऱ्याची आहे, ही दोन्ही एकच आहेत म्हणणं सोपं, पण चूक.

आणि केबिस म्हणतो ते ग्रीक वस्त्र तरी कसलं? नातीने चित्र दाखवलं. शिलाई नाही, बाह्या नाहीत. लोकरीचा एक लांबरुंद चौकोन, दिवसा अंगाभोवती घ्यायचा आणि रात्री पांघरायचा. म्हणजे चादरच की! त्यांचे मागही मी चित्रात पाहिले. उभे माग, भिंतीला टेकवलेले, ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांना खाली मातीची वजनं बांधलेली. विणणं वरून सुरू करायचं आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, वरच्या बाजूला ठोकायचा. आमच्या उलट. दिवसभर हात वर करून ठोकणाऱ्याचे खांदे काय म्हणत असतील हे मला चित्र बघूनच कळलं. घरोघरी बहुतेक बायकाच विणायच्या. अथीना देवीलासुद्धा अथेन्सच्या बायका-मुली सणाला नवं वस्त्र विणून द्यायच्या.

आता माझ्या घरची एक गोष्ट, म्हणजे मी पान चार वेळा का वाचायला लावलं ते कळेल.

नायना १९८४ च्या डिसेंबरात गेले. बुधवारी पहाटे. आदल्या संध्याकाळपर्यंत मागावर होते. हिरव्या-तांबड्या जॅकार्डची चादर चालू होती, एक वीत आणि चार बोटं राहिली होती. दिवसकार्य झाल्यावर अम्मा म्हणाली, मागावर अर्धं कापड ठेवू नये, संपव. मी यंत्रमागावरचा माणूस, हातमाग सोडून बारा वर्षं झाली होती. बसलो. दोरी ओढली की आडवा धागा नेणारा धोटा सुटायचा, पण ठोका बसेना. कधी जास्त, कधी कमी. एक वीत चार बोटं विणायला मला अख्खा दिवस लागला. सूत सावकाराचं होतं. त्याने चादर उजेडात धरली, शेवटच्या वितीवर बोट फिरवलं आणि 'फॉल्टी' म्हणून बाजूला टाकली. मजुरी कापली आणि चादर आमच्याच गळ्यात मारली.

ती चादर अजून आहे. थंडीत मी तीच घेतो. रंग उतरलेत, कडेचे गोंडे दोन ठिकाणी गेलेत, बाकी शाबूत. धागे मोजायच्या भिंगाने मी एकदा मोजलं: नायनांच्या भागात इंचाला बाण्याचे अठ्ठावीस धागे, माझ्या भागात कुठे चोवीस, कुठे सव्वीस. मधे एक आडवी रेघ आहे. दुसऱ्याला दिसणार नाही. मला अंधारात बोटाने लागते. रेघेच्या वर नायना, खाली मी.

तर केबिसने मला विचारलं असतं, चादर शाबूत आहे, मग विणकर कुठे आहे? आणि मी काय सांगितलं असतं ते मला अजून माहीत नाही. पण प्रश्न बरोबर जागेवर लागला.

लेखात आणखी एक गोष्ट राहिली आणि ती मला जास्त डाचली. या दोघांच्या हरकती ऐकून कोठडीतल्या माणसांचा धीर सुटला. आत्ता पटलं होतं आणि आत्ता पुन्हा डळमळलं. ही गोष्ट फीडो ज्याला सांगतो आहे तो एखेक्राटिससुद्धा मधेच त्याला थांबवून म्हणतो, आमचीही तीच गत झाली, पुढे काय झालं सांग! आणि सॉक्रेटीसने काय केलं? रागावला नाही. "श्रद्धा ठेवा" म्हणाला नाही. फीडो खाली बसला होता, त्याच्या मानेवरचे केस हातात घेऊन कुरवाळत म्हणाला, उद्या तू हे कापशील ना, शोक म्हणून? पण आपलं म्हणणं जर आजच मेलं आणि आपल्याला ते जिवंत करता आलं नाही, तर तू आजच काप आणि मीही कापतो. मग सांगितलं की माणसांकडून दोन-चारदा फसलेला सगळ्या माणसांचाच द्वेष करायला लागतो. तसं विचारांचं होऊ देऊ नका. एक मुद्दा ढासळला म्हणून विचार करण्यावरच राग धरू नका.

आमच्याकडे मागे एका सभागृहात प्रवचनमाला होती. विषय आत्माच. मी पाचव्या दिवशी हात वर केला आणि हाच विणकराचा प्रश्न विचारायला उभा राहिलो. संयोजक म्हणाले, काका, प्रश्न शेवटी. शेवटी आरती झाली. मग प्रसाद. मग खुर्च्या उचलायला लागले. मी शिरा खाऊन घरी आलो. शिरा चांगला होता, हे सांगायला हवं.

सॉक्रेटीसचं उत्तर काय? ते लांब आहे, मी सुताएवढं सांगतो. बर्फ थंडी घेऊन येतो, तो ऊब घेऊ शकत नाही. तीन हा आकडा विषमपणा घेऊन येतो, तो सम होऊ शकत नाही. तसा आत्मा जिथे जाईल तिथे जीव घेऊन येतो, म्हणून तो मरण घेऊ शकत नाही. जो मरण घेत नाही तो अमर.

मी नातीला म्हटलं, बर्फ ऊब घेत नाही हे बरोबर, पण ऊब आली की बर्फ वितळतो की! तीन सम होत नाहीत, पण तीन नारळांतला एक देवापुढे फोडला तर तीन कुठे राहिले? ती म्हणाली, ताता, ही शंका सॉक्रेटीसला होतीच. म्हणून तो म्हणतो, उलट गोष्ट जवळ आली की एक तर माघार घ्यायची, नाहीतर नष्ट व्हायचं. आणि जे अमर आहे ते नष्ट होणार नाही, तेव्हा आत्मा माघार घेऊन निघून जातो. मी म्हटलं, हे म्हणजे सूत पक्कं का, तर दुकानदार पक्कं म्हणतो म्हणून. ती हसली. पण नंतर तिने जे दाखवलं त्याने मीच गप्प झालो. केबिसचं समाधान झालं, पण सिमिआस शेवटी म्हणतो, पटतंय, तरी विषय एवढा मोठा आणि माणसाची शक्ती एवढी कमी, माझ्या मनात थोडी शंका उरतेच. आणि सॉक्रेटीस त्याला म्हणतो, बरोबर आहे तुझं, आणि आपण सुरुवातीला जे गृहीत धरलं तेही पुन्हा नीट तपासा. विषाचा पेला तासा-दोन तासांवर आणि हा माणूस सांगतो, माझा पाया तपासा. मान तुकवून ऐकणारे शिष्य यात कुठे बसवायचे, ते लेखकमहाशयांनी सांगावं.

'ग्रीकांनीही' हा शब्द लेखात सात वेळा आला आहे. मी मोजले. जॉबरला मोजायची सवय असते. पण ग्रीक म्हणजे काय एका मागावरचं कापड आहे? होमरच्या काव्यात मेलेल्यांच्या सावल्या पाताळात भटकतात, त्यांच्यात दम नाही. काव्याचा नायक ओडिसियस आपल्या आईच्या सावलीला तीनदा मिठी मारायला जातो आणि तीनही वेळा हात रिकामे येतात. तिथेच मेलेला योद्धा अकिलीस त्याला म्हणतो, सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा ज्याच्याकडे स्वतःलाच पुरेसं नाही अशा गरिबाच्या शेतावर मजुरी केलेली परवडली. अकिलीसने आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली एक पाळी काढली असती तर हे वाक्य त्याने जरा जपून म्हटलं असतं.

पायथागोरस मात्र पुनर्जन्मवाला. भूमितीत ज्याने आम्हाला रडवलं तोच. कुत्र्याच्या पिलाला कुणी मारत होतं तेव्हा तो म्हणाला, थांब, हा माझ्या मित्राचा जीव आहे, केकाटण्यावरून ओळखला. ही गोष्ट झेनोफनीस नावाच्या कवीने सांगितली आहे, आणि ती थट्टेनं सांगितली आहे. एम्पेडोक्लिस तर म्हणतो, मी पूर्वी मुलगा होतो, मुलगी होतो, झुडूप, पक्षी आणि मासा होतो. एपिक्युरस याच्या अगदी विरुद्ध. आत्मा म्हणजे बारीक कणांचा मेळ, देह पडला की कण विखुरले. आपण आहोत तोवर मरण नाही, आणि मरण आलं तेव्हा आपण नाही. मग भ्यायचं कुणी? स्टोइक पंथाचे लोक म्हणायचे, काही काळ उरतो, पण जग जळून पुन्हा नवं होतं तिथपर्यंतच. आणि खुद्द सॉक्रेटीस महिनाभर आधी न्यायसभेत काय म्हणाला होता? मरण म्हणजे एक तर स्वप्न नसलेली गाढ झोप, नाहीतर दुसऱ्या गावी जाणं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी चांगलंच. तिथे त्याने एकावर बोट ठेवलंच नाही.

ॲरिस्टॉटलचं मला सगळ्यात पटकन कळलं, कारण तो कारागिरासारखा बोलतो. डोळा हा जर प्राणी असता तर पाहणं हा त्याचा आत्मा, असं तो म्हणतो. म्हणजे माग आणि मागाचं चालणं. माग भंगारात गेल्यावर त्याचं चालणं कुठे गेलं, असं भंगारवाल्याला कुणी विचारत नाही. बुद्धीचा एक अंश तेवढा त्याने वेगळा काढून अमर ठेवला आहे, त्यावर पंडित अजून भांडतात म्हणे. याच ॲरिस्टॉटलने दुसरीकडे लिहिलंय की धोटे जर आपले आपणच विणायला लागले तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. बाबा रे, धोटे आपले आपण विणायला लागून दीडशे-दोनशे वर्षं झाली, आता तर बिनधोट्याचे रॅपियर माग आले. मालक आहेत तिथेच आहेत. असो, हा विषय वेगळ्या पत्राचा.

आता आमच्या लोकांबद्दल. आम्ही पद्मशाली, मार्कंडेय महामुनींचे. नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून रथ निघतो तेव्हा मी अजूनही दोर धरायला जातो. मार्कंडेयाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: सोळाव्या वर्षी यम आला, पोराने शिवाच्या पिंडीला मिठी मारली आणि वाचला. ती आत्म्याची गोष्ट नाही. तिथे देहच वाचला! तेव्हा आमच्या घरातच एका भिंतीवर गीतेचा श्लोक आहे आणि दुसऱ्या भिंतीवर देह न सोडणारा मार्कंडेय आहे. दोन भिंतींचं एकमेकींशी भांडण नाही, कारण आम्ही त्यांना एकच म्हणायला लावत नाही. ग्रीकांनाही तेवढी सवलत द्यावी.

प्लेटोला मागाची ओढ होती असं मला वाटायला लागलं आहे. याच 'फीडो'मध्ये तो ओडिसियसच्या बायकोची, पेनेलोपीची आठवण काढतो. तिने सासऱ्याच्या कफनासाठी दिवसा कापड विणलं आणि रात्री उसवलं. एकदा मोकळा केलेला जीव पुन्हा सुखदुःखात अडकवणं म्हणजे तिच्यासारखं काम करणं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या दुसऱ्या एका मोठ्या संवादाच्या शेवटी एर नावाचा सैनिक मरून बारा दिवसांनी चितेवर उठतो आणि तिकडे काय पाहिलं ते सांगतो. त्याने पाहिलं की सगळं आभाळ एका टकळीवर फिरतंय. टकळी नियतीच्या मांडीवर, भोवती तिच्या तीन मुली. लॅकेसिस झालेलं गाते, क्लोथो चालू असलेलं, अट्रोपॉस होणारं. जीव पुढचा जन्म स्वतः निवडतात, मग क्लोथोच्या हाताखालून जातात आणि अट्रोपॉस तो धागा असा पक्का करते की मागे फिरवता येत नाही. ओडिसियसची पाळी सगळ्यात शेवटी येते. आयुष्यभर वणवण केलेला तो माणूस शोधून शोधून एक साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला जन्म घेतो आणि म्हणतो, पहिला नंबर आला असता तरी मी हाच घेतला असता. नातीने हे वाचलं तेव्हा आमच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या एक मावशी आठवल्या. पुढचा जन्म काय हवा म्हणून कुणी चेष्टेत विचारलं तर त्या म्हणायच्या, कसलाही द्या, पण सूत तुटणारं नको.

पुन्हा त्या कोठडीत जातो आणि पत्र आवरतो. दुपार कलली. मेल्यावर बायकांना अंग धुवायचा त्रास नको म्हणून सॉक्रेटीस स्वतःच आंघोळ करून आला. मित्र क्रिटोने विचारलं, तुला पुरायचं कसं? म्हणाला, हवं तसं पुरा, मी तुमच्या हाती लागलो तर! हसला. पेला घेतला, थरथरला नाही. फीडोला रडू आवरेना, त्याने स्वतःचं वस्त्र तोंडावर ओढून घेतलं. विष पायांकडून वर चढत गेलं. सॉक्रेटीस आडवा झाला होता, तोंडावर वस्त्र घेतलेलं. कमरेपर्यंत गार झाला तेव्हा त्याने तोंडावरचं वस्त्र बाजूला केलं आणि म्हणाला, क्रिटो, आस्क्लीपिअसला एक कोंबडा देणं लागतो, विसरू नका. आस्क्लीपिअस म्हणजे त्यांचा आजार बरा करणारा देव. त्या कोंबड्याचा अर्थ काय यावर पुस्तकात सात पानं आहेत, ती मी नातीकडे सोडली.

माझं लक्ष वस्त्रावर होतं. कोणाच्या हातचं होतं ते? झांटिपीने विणलं असेल? सकाळी तिला घरी पाठवलं होतं. संध्याकाळी सॉक्रेटीस गेला आणि ते वस्त्र त्याच्या तोंडाशी तसंच पडलं होतं, शाबूत. केबिस तिथेच होता. सकाळी तो जे बोलला ते त्याच्या समोर पडलं होतं, आणि त्याबद्दल प्लेटोने एक शब्द लिहिलेला नाही.

तर विनंती एवढीच. येत्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी: वस्त्राचा दाखला सॉक्रेटीसचा नव्हे, केबिसचा, तो आत्म्याच्या अमरत्वाच्या बाजूने नव्हे, त्यावर हरकत म्हणून, आणि त्यात एक विणकर होता. लेखकमहाशय सोलापूरचेच असतील तर त्यांनी एकदा घरी यावं, चादर दाखवीन. आधी निरोप मात्र द्यावा, कारण सध्या उन्हाळा आहे, ती पेटीत तळाशी आहे, आणि वरचं सामान काढायला मला आता कुणीतरी सोबत लागतं. डांबरगोळ्यांचा वास येईल, तो सोसावा लागेल.

आपला,
एक निवृत्त जॉबर
पूर्व भाग, सोलापूर
(नाव छापू नये. सावकाराची नातवंडं आपला पेपर वाचतात.)